वाफेचे आभासी इंजिन आणि व्हॅक्यूम ब्रेक

संगणकावर वाफेचे इंजिन चालवू पाहणाऱ्या नवख्याची खरी फजिती गाडी सुरू करताना होत नाही. ती होते फलाटाशी थांबवताना. ब्रेकचा दांडा ओढला, गाडी वाजवीपेक्षा जास्त मंदावली, म्हणून दांडा लगेच परत सारला. तरी ब्रेक सुटत नाही आणि गाडी फलाटाच्या अलीकडेच उभी राहते. दोष खेळाचा नसतो. हा ब्रेक प्रत्यक्षातही असाच वागतो.

इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक सलग नळी जाते आणि तिच्यातील हवा सतत उपसून काढलेली असते. डब्याखालच्या सिलिंडरात दट्ट्याच्या वर व खाली, दोन्हीकडे निर्वात असेल तेव्हा दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली राहतो. ब्रेक सुटलेला असतो. चालकाने नळीत हवा सोडली की ती दट्ट्याच्या खाली शिरते. वरच्या कप्प्याकडे तिला झडप जाऊ देत नाही. मग बाहेरच्या हवेचा दाबच दट्ट्या वर ढकलून ब्रेक आवळतो. म्हणजे ब्रेक लावणे याचा अर्थ हवा आत घेणे. डबे तुटून नळी उघडी पडली, तरी ब्रेक आपोआप लागतो.

हा गुण महागात शिकला गेला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीची गाडी चढावावर अडली. तिचा व्हॅक्यूम ब्रेक स्वयंचलित नव्हता. गाडीचे दोन भाग करताच मागचे डबे ब्रेकविना उतारावरून घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित सलग ब्रेक सक्तीचा केला.

आता दांड्याकडे वळू. बहुतेक ब्रिटिश इंजिनांत निर्वाताची पातळी पाऱ्याचे २१ इंच असते (ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा हट्ट २५ इंचांचा). काटा १५ वर आला तर गाडी सौम्यपणे मंदावते, शून्यावर आला तर पूर्ण ब्रेक. जुन्या धाटणीच्या झडपेचा दांडा 'लावा' या जागी ठेवला की हवा शिरतच राहते. म्हणून हवे तेवढे घेऊन तो लगेच मागे आणावा. नवखे नेमके येथेच चुकतात.

सोडणे मात्र सावकाश. हवा उपसण्याचे काम वाफेवर चालणारे इजेक्टर करतात. लहान इजेक्टर गळती भरून काढण्यापुरता अखंड चालू राहतो. मोठा भराभर हवा ओढतो, पण वाफही तितकीच खातो. बॉयलरचा दाब घसरलेला असेल तर ब्रेक लवकर सुटणार नाही. गाडी जितकी लांब, तितका हा विलंब अधिक.

कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणाऱ्या घाटासारखा १:३७ चा उतार आभासी मार्गावर आला, तर वेग वाढण्याची वाट पाहू नये. उताराच्या आरंभीच थोडा ब्रेक लावून ठेवावा. स्थानकात शिरतानाही ब्रेक लवकर लावावा आणि शेवटच्या काही मीटरांत काटा हळूहळू वर जाऊ द्यावा. मग डबे हिसका न बसता थांबतात.