बिदरीची चांदी आणि परग्रहांची चित्रे

बीदरच्या बिदरी कामाची ख्याती दूरवर पसरली आहे; परंतु त्या कामाचा अखेरचा टप्पा फार थोड्यांनी पाहिलेला असतो. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे ओतून त्यावर नक्षी कोरतात व कोरलेल्या खोबणीत चांदीची तार ठोकून बसवितात. भांडे घासून गुळगुळीत झाले, की करड्या धातूत चांदी जवळजवळ दिसेनाशी होते. मग किल्ल्यातील, वर्षानुवर्षे ऊनपाऊस न लागलेली माती नवसागराच्या पाण्यात कालवून तापविलेल्या भांड्यावर चोळतात. धातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच राहते आणि वेलबुट्टी झळकू लागते. त्या मातीने चांदीचा एक कणही वाढविलेला नसतो. जी होती ती दाखविली, एवढेच.

अवकाशयानांनी धाडलेल्या परग्रहांच्या चित्रांवर शास्त्रज्ञ जे संस्कार करतात, त्यांचे मर्म याच दृष्टांतात आहे. यानाकडून चित्र येत नाही. येते ती अंकांची रांग. 1965 च्या जुलै महिन्यात मरिनर 4 हे अमेरिकन यान मंगळाजवळून गेले. त्याच्या चित्रात 200 ओळी व प्रत्येक ओळीत 200 ठिपके असत. प्रत्येक ठिपक्याचा उजेड 0 ते 63 यांपैकी एका अंकाने सांगितला जाई. एक चित्र पृथ्वीवर पोचण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागे. यंत्रातून चित्र तयार होईपर्यंत धीर न निघाल्याने तेथील तंत्रज्ञांनी अंक छापलेल्या कागदी पट्ट्या भिंतीवर लावल्या आणि अंक पाहून त्या खडूंनी रंगविल्या. मंगळाचे ते चित्र असे हाताने साकार झाले.

हे अंकही आले तसे विश्वसनीय नसतात. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही कणांपैकी एक अधिक तल्लख, तर दुसरा मंद असतो. पूर्ण काळोखातही काही कण उजेडाची खोटी नोंद करतात. म्हणून यान सोडण्यापूर्वीच काळोखाचे आणि सर्वत्र सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचे चित्र घेऊन ठेवतात. काळोखाचा अंक वजा करावयाचा आणि कणाच्या तल्लखपणाने भागावयाचे, हा पहिला संस्कार. त्यानंतर फिकट व गडद यांतील अंतर वाढवावयाचे; बिदरीच्या मातीचे काम ते हेच.

या अखेरच्या कृतीचे सामर्थ्य 1979 च्या मार्चमध्ये प्रत्ययास आले. व्हॉयेजर 1 चा मार्ग निश्चित करण्यासाठी लिंडा मोराबितो या गुरूच्या आयो या उपग्रहाच्या चित्रात अंधुक तारे शोधत होत्या. चित्र उजळताच आयोच्या कडेबाहेर छत्रीसारखा फिकट ढग दिसला. तो ज्वालामुखीचा उद्रेक होता. पृथ्वीबाहेर पाहिलेला पहिला जागृत ज्वालामुखी. तो अंकांत आधीपासूनच होता.

याच्या उलट उदाहरण मंगळाचे. 1976 साली व्हायकिंग 1 च्या एका चित्रात मानवी चेहऱ्यासारखी टेकडी दिसली. तिरप्या उन्हाच्या सावल्यांनी डोळे व तोंड घडविले होते. त्यात वाटेत गहाळ झालेल्या अंकांच्या जागी काळे ठिपके उमटले आणि त्यांतील एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला. 1998 व 2001 मध्ये अधिक स्पष्ट चित्रे आली, तेव्हा ती साधी झिजलेली टेकडी ठरली. जे मुळात नाही ते पाहण्याचा मोह असा बळावतो.

रंगाच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. बीदरच्या पठारावरील जांभ्या दगडाला तांबडेपणा देणारी लोहाची संयुगे मंगळाच्या धुळीतही आहेत. ती धूळ तेथील आकाशात तरंगत असल्याने उजेडही रंगून येतो. दगड ओळखता यावेत म्हणून भूशास्त्रज्ञ कित्येकदा पृथ्वीवरील उजेडात ते जसे दिसतील तसे रंग चित्राला देतात. यात लबाडी नाही. मात्र चित्राखाली तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. ते न लिहिता चित्र प्रसिद्ध केले, तर ज्ञानाचे साधनच भ्रमाचे साधन होते.

यावर उपाय एकच: मूळ अंक जपून ठेवणे आणि ते सर्वांना खुले करणे. भारताच्या चांद्रयानांचे अंक बेंगळूरुजवळील ब्यालालू येथील केंद्रात जतन केले जातात, आणि चांद्रयान 2 ची सामग्री कोणाही जिज्ञासूस मिळू शकते. 2019 च्या सप्टेंबरमध्ये विक्रम हे अवतरणयान चंद्रावर कोसळले. त्याचे अवशेष शोधण्यासाठी चेन्नईचे एक अभियंता षण्मुग सुब्रमण्यन यांनी अमेरिकन यानाची खुली चित्रे, अपघातापूर्वीची व नंतरची, घरी बसून ताडून पाहिली. एक ठिपका नवा दिसला. त्यावरून पुढे अवशेषांची खात्री पटली. त्यांनी चित्रात काही घातले नव्हते. फक्त धीराने पाहिले होते.

बीदर-कलबुर्गीच्या एखाद्या शाळकरी मुलालाही आज हे करता येईल. बिदरीचा कारागीर जो नियम पाळतो, तोच त्याने पाळावा: पार्श्वभूमी काळी करावी, चांदी मात्र असेल तेवढीच दाखवावी.