दारूच्या आडचा शत्रू

मद्यपानाने यकृत बिघडते व संसाराची धूळधाण होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु दारूच्या आड लपून देहात शिरणारा आणखी एक शत्रू आहे आणि त्याची ओळख फार थोड्यांस असते. शिसे, तांबे, सोमल यांचे सूक्ष्म अंश हा तो शत्रू होय.

बेळगाव-निपाणीच्या टापूत ऊस व गूळ हे शेतकऱ्याचे धन आहे. दुर्दैवाने हाच गूळ, नवसागराच्या जोडीने, हातभट्टीची ठरलेली सामग्री होऊन बसला. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता व १९४९ चा दारूबंदी कायदा येथे लागू होता. पुढे २००७ साली कर्नाटक सरकारने अरॅकवर बंदी घातली. तरीही चोरट्या भट्ट्यांचा समूळ नायनाट झालेला नाही.

दारूत धातू येतो कोठून? कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. आंबट पदार्थ धातूस खातो. भट्टीतही तेच घडते. रसायन आंबताना त्यात व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल थोडेफार तयार होते व वाफेबरोबर वर चढते. नळीत ती वाफ निवून द्रवरूप होते, तेव्हा हे आम्ल नळीचे तांबे आणि सांध्याला दिलेल्या डाखातील शिसे विरघळवून घेते. दारू दिसते मात्र निवळशंख! ती गाळून वा उकळून धातू निघत नाही.

मिथेनॉलची विषबाधा एकदोन दिवसांत प्राण घेऊ शकते. शिसे मात्र महिनोन्‌महिने साठत जाते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, पंडुरोग, मनगट लुळे पडणे, मूत्रपिंडाचा बिघाड ही त्याची लक्षणे होत. गर्भवतीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते व बालकाच्या मेंदूस अपाय करते.

या रोगाचे निदान सहज चुकते. १९०० साली इंग्लंडात मँचेस्टर व आसपास बिअर पिणाऱ्या ६,००० हून अधिक लोकांचे हातपाय बधिर झाले. किमान ७० जण दगावले. प्रारंभी साऱ्यांनी दोष दिला तो मद्यासक्तीला. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांना सोमलाची शंका आली. त्यांनी बिअर तपासली आणि तीत सोमल सापडला. बिअरसाठी वापरलेली साखर ज्या गंधकाम्लाने तयार केली होती, त्यातच तो होता.

‘दारुड्याचे दुखणे’ म्हणून रोग्याकडे पाठ फिरवली जाते, तेव्हा असे विष सुखाने आपले काम करीत राहते. म्हणून हातभट्टीची दारू पिणाऱ्यास वारंवार पोटशूळ उठू लागल्यास, अथवा हातातील शक्ती गेल्यास, घरच्यांनी लाज न बाळगता डॉक्टरांस सर्व सांगावे. रक्ततपासणीने शिसे कळते. ते लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. परंतु त्यांचा खरा उपयोग होण्यासाठी ती दारू आधी कायमची सुटली पाहिजे.