माणूस हाच विषय

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलाला नातेवाईक एकच प्रश्न विचारतात : मग, डॉक्टर होणार ना? ‘नीट’चा निकाल मनासारखा लागला नाही, तर त्या जीवशास्त्राचं करायचं काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. निरनिराळ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम वाचत बसणं ही माझी जुनी आवड. या वाचनात मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटला तो कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ‘मानवी जीवशास्त्र’ हा पदवी अभ्यासक्रम.

१९७०च्या सुमारास तो उभा राहिला. त्यामागे नोबेलविजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग होते, तसेच मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड हॅम्बर्ग, बालरोगतज्ज्ञ नॉर्मन क्रेचमर आणि समाजशास्त्रज्ञ सॅनफर्ड डॉर्नबुशही होते. या नावांतच अभ्यासक्रमाचं मर्म आहे. त्याच्या गाभ्यात दोन शाखा जोडीनं शिकवल्या जातात. एकीत जनुकं, उत्क्रांती, पेशी आणि शरीराचे व्यापार. दुसरीत संस्कृती, वर्तन, समाज आणि आरोग्यधोरण. एक घेऊन दुसरी टाळता येत नाही. त्यानंतर विद्यार्थी आपल्या आवडीचं क्षेत्र निवडून त्यात खोलवर जातो.

ही जोडी कशासाठी? दुधाचंच उदाहरण घेऊ. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. जगातल्या बहुसंख्य माणसांत बालपणानंतर ते कमी होत जातं. म्हणून मोठेपणी दूध प्यायल्यावर अनेकांचं पोट फुगतं. इथवर पहिली शाखा पुरते. पण याच क्रेचमर यांनी नायजेरियात तपासण्या केल्या, तेव्हा शेती करणाऱ्या योरुबा लोकांत लॅक्टोज पचवणारे प्रौढ विरळ आढळले, तर गुरं राखणाऱ्या फुलानी लोकांत पुष्कळ. हा फरक नुसत्या आतड्याकडे पाहून उलगडत नाही. माणसानं आधी गुरं पाळली. मग दुधावर जगणाऱ्या समाजांत, विकर मोठेपणीही चालू ठेवणारे जनुकीय बदल पिढ्यान्‌पिढ्या पसरत गेले. म्हणजे चालीरीतीनं शरीर घडवलं. शिवाय दही लावताना जिवाणू काही लॅक्टोज आंबवून टाकतात, त्यामुळे दूध न सोसणाऱ्यालाही दही-ताक बरेचदा सोसतं. म्हणजे स्वयंपाकघरानंही वाट काढली. आता शाळेत सर्व मुलांना दूध वाटावं का, हे ठरवायचं असेल, तर दोन्ही शाखा जाणणारा माणूसच हवा.

ही पदवी कोणाला डॉक्टर करत नाही. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर वेगळं घ्यावं लागतं. पण सार्वजनिक आरोग्य, पोषण, धोरण, अध्यापन अशा कामांना लागणारी दृष्टी ती देते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मुख्य विषयाला जोडविषय घेण्याची वाट आपल्याकडेही मोकळी केली आहे. तेव्हा बी.एस्सी.ला प्रवेश घेताना महाविद्यालयात एवढं जरूर विचारा : जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेता येईल का? ‘हो’ असं उत्तर मिळालं, तर हुकलेल्या ‘नीट’नं जीवशास्त्राचं दार बंद झालेलं नाही.