रंगद्रव्य एकच, मग गुलाब लाल आणि कॉर्नफ्लॉवर निळे का?

लाल जास्वंदीच्या चार-पाच फुलांच्या पाकळ्या वाटीभर गरम पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवा. पाणी जांभळट लाल झाले की गाळून तीन काचेच्या पेल्यांत ओता. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. तिसरा तुलनेसाठी तसाच राहू द्या. लिंबाच्या पेल्यात झगझगीत गुलाबी-लाल रंग येईल, सोड्याच्या पेल्यात हिरवट.

हा प्रयोग तुम्हांला नवा नसेल. आम्ल आणि अल्क ओळखायला शाळेत तो करवून घेतात आणि तेथेच सोडून देतात. खरी गंमत मात्र तेथून पुढे आहे.

जास्वंदीचा लाल रंग सायनिडिन नावाच्या रेणूपासून येतो. अँथोसायनिन या रंगद्रव्यांच्या कुळातला हा रेणू. सफरचंदाच्या लाल सालीत तोच असतो. युरोप-अमेरिकेतील बागांत केवळ फुलांसाठी लावलेल्या रानसफरचंदांच्या गुलाबी कळ्यांतही तोच. साखरेच्या रेणूशी जोडला जाऊन तो पेशीतील रिक्तिकेच्या रसात विरघळलेला असतो. आम्लात हा रेणू ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आपण म्हणतो, फूल लाल आहे. आम्लता कमी झाली की रेणूला चिकटलेले हायड्रोजन आयन सुटतात, इलेक्ट्रॉनांची व्यवस्था बदलते आणि शोषण पिवळ्या-नारिंगी प्रकाशाकडे सरकते. मग रंग निळा दिसू लागतो. (तुमच्या पेल्यात हिरवा आला, कारण पाकळीतील दुसरी काही द्रव्ये सोड्यात पिवळी पडतात. निळा आणि पिवळा मिळून हिरवा!)

आता कॉर्नफ्लॉवरकडे वळू. वाण्याच्या दुकानातील मक्याच्या पिठाशी याचा संबंध नाही बरे का! युरोपात धान्याच्या शेतांत तण म्हणून उगवणारे हे गर्द निळे फूल. रिचर्ड विलस्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये त्यातले रंगद्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्याने लाल गुलाबाचे रंगद्रव्य तपासले, तर काय आश्चर्य, दोन्ही एकच निघाली! विलस्टेटरने उत्तर दिले ते सरळ होते: गुलाबाचा रस आम्लधर्मी, कॉर्नफ्लॉवरचा अल्कधर्मी. म्हणजे आपल्या पेल्यातलाच न्याय. १९१५ चे नोबेल पारितोषिक त्याला वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील कामासाठीच मिळाले.

उत्तर इतके सुटसुटीत, की ते खरेच असावे असे वाटते. पण कॉर्नफ्लॉवरच्या पाकळीचा रस तपासला, तर तो आम्लधर्मीच निघतो! १९१९ मध्ये जपानातील शिबाता बंधूंनी (एक वनस्पतिशास्त्रज्ञ, दुसरा रसायनशास्त्रज्ञ) वेगळी कल्पना मांडली: निळाई आम्लतेमुळे नव्हे, धातूमुळे येते. वाद दीर्घकाळ चालला. अखेर २००५ मध्ये जपानी संशोधकांनी या निळ्या द्रव्याच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्याची रचनाच उलगडून दाखवली. सहा रेणू अँथोसायनिनचे, सहा फ्लेव्होन या जवळजवळ रंगहीन द्रव्याचे, आणि त्यांना मध्यभागी धरून ठेवणारे चार धातूंचे आयन: एक लोहाचा, एक मॅग्नेशियमचा, दोन कॅल्शियमचे. रसायनशास्त्राचा तंटा सोडवायला शेवटी क्ष-किरण लागले, याचा आम्हा भौतिकीवाल्यांना थोडा अभिमान वाटला तर क्षमा करा.

मग विलस्टेटर साफ चुकला का? तसेही नाही. ‘हेवनली ब्लू’ नावाची एक वेल आहे, आपल्या गारवेलीची बहीण. तिची कळी जांभळट लाल असते आणि उमलताना आकाशी निळी होते. या काळात तिच्या रसाचा सामू ६.६ पासून ७.७ पर्यंत चढतो. म्हणजे येथे त्याचेच म्हणणे खरे ठरले.

हायड्रेंजियाची तऱ्हा तर उलटीच. जमीन आम्लधर्मी असेल तर तिची फुले निळी होतात, अल्कधर्मी असेल तर गुलाबी! आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम विरघळते, ते मुळांवाटे फुलात पोचते आणि रंगद्रव्याला निळे करते. लिटमसचा नियम मातीला लावाल तर फसाल. आणि आपल्या गोकर्णाला धातूचीही गरज नाही. तिच्या रंगद्रव्याच्या रेणूला लांब शाखा असतात. त्या घडी घालून रेणूवर बसतात आणि निळा रंग टिकवून धरतात.

एवढे कळल्यावर निळा गुलाब का मिळत नाही, हेही उमजते. निळ्या फुलांत पुष्कळदा आढळणारे डेल्फिनिडिन गुलाबाला बनवताच येत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सी या फुलझाडाचे जनुक गुलाबात घातले आणि २००९ मध्ये तो गुलाब बाजारात आणला. त्यात डेल्फिनिडिन आहे, तरी रंग फिकट जांभळाच! रसाचा सामू, सोबतची द्रव्ये, धातू, हे सारे गुलाबाचेच राहिले ना!

तेव्हा फुलवाल्याकडे गर्द निळा गुलाब दिसला, तर तो पांढऱ्या गुलाबाला रंगाचे पाणी पाजून केलेला आहे असे समजा. ही युक्ती घरी करून पाहायची असेल, तर निशिगंधाची ताजी छडी शाईच्या पाण्यात रात्रभर उभी करून ठेवा.