काचेआडचे ऊन कासवाला पुरत नाही

आमच्या मुलुंडच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक कासव राहते. दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला मुलाने हट्ट धरला आणि वडिलांनी मासे विकणाऱ्या दुकानातून दहा रुपयांच्या नाण्याहून जरासे मोठे, हिरवेगार पिल्लू आणून दिले. सोबत एक पसरट प्लॅस्टिकचे भांडे, त्यात मधोमध बेट आणि बेटावर प्लॅस्टिकचेच नारळाचे झाड. दुकानदाराने सांगितले होते, "काही करावं लागत नाही. चार दाणे टाका, आठवड्यातून एकदा पाणी बदला. भांड्याएवढंच वाढतं ते."

मुलगा मात्र काळजी घेणारा निघाला. शाळेत जाण्यापूर्वी तो रोज भांडे हॉलच्या खिडकीत ठेवायचा, कासवाला ऊन मिळावे म्हणून. खिडकीची सरकती काच बंद असायची, कारण बाहेर कावळे. सहा-सात महिन्यांनी कासव खाईनासे झाले. एका संध्याकाळी त्याला उचलताना मुलाच्या अंगठ्याखाली त्याची पाठ दबली. "काका, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते," असे सांगत तो आमच्या दारात उभा राहिला.

रोज उन्हात बसणाऱ्या कासवाची पाठ मऊ का पडावी? उत्तर त्या बंद काचेत होते.

कासवाचे कवच म्हणजे पाठीवर घेतलेले घर, असे आपण लहान मुलांना सांगतो. प्रत्यक्षात ते घर नसून हाड आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा रुंद होऊन, एकमेकांना जुळून कवच तयार होते. त्याच्यावर आपल्या नखांसारख्या पदार्थाचे पातळ आवरण असते. हे हाड जिवंत असते, त्यात रक्त फिरते, त्याला स्पर्श कळतो, आणि ते वाढवायला कॅल्शियम लागते. पोटात गेलेले कॅल्शियम रक्तात उतरण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व हवे. ते कासवाच्या त्वचेत तयार होते, पण त्यासाठी सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण अंगावर पडावे लागतात. खिडकीची साधी काच उजेड आत सोडते, ऊबही सोडते. हे किरण मात्र जवळजवळ सगळे अडवते. भांडे गरम होत होते, कासव बेटावर चढून मान लांबवत होते, बघणाऱ्याला वाटत होते की ते ऊन खाते आहे. औषधापुरतेही ऊन त्याला मिळत नव्हते.

मग शरीर काय करते? हृदय आणि स्नायू चालू ठेवायला रक्तात कॅल्शियम लागतेच. बाहेरून आले नाही तर ते हाडांतून काढले जाते. वाढत्या वयात हाडे आधीच कोवळी, त्यातूनच उसनवारी झाली की कवच मऊ पडते, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात, जबडा इतका नरम होतो की खाणे चावता येत नाही. माणसाच्या मुलांत आपण ज्याला मुडदूस म्हणतो, त्याचाच हा भाऊबंद. भरपूर ऊन पडणाऱ्या मुंबईत माणसांच्या रक्ततपासणीत 'ड' जीवनसत्त्व कमी निघते, तसाच हा प्रकार. ऊन शहरात आहे, अंगावर नाही.

पण उपचारांकडे जाण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, जो दुकानात कुणी विचारत नाही. हे कासव नेमके कोणते?

मराठीत एकच शब्द. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते तेही कासव, कोकणात पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत सोडतात तेही कासव, देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेले तेही कासवच. समुद्रातले, गोड्या पाण्यातले आणि जमिनीवरचे अशा तीन वेगळ्या राहणीच्या प्राण्यांना एका नावाखाली घेतल्याने भाषेचे काही बिघडत नाही. प्राण्याचा मात्र कधीकधी जीव जातो. ओळखायचे सोपे चिन्ह म्हणजे पाय. जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीसारखे, खांबासारखे असतात. गोड्या पाण्यातल्या कासवांच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो.

मुंबईत घरात आढळणारे जमिनीवरचे कासव बहुतेक वेळा तारांकित कासव असते. घुमटासारखी काळपट पाठ, त्यावर प्रत्येक उंचवट्यातून फुटणाऱ्या पिवळ्या रेषांची चांदणी. दिसायला इतके देखणे की तेच त्याच्या मुळावर आले आहे. घरात ठेवले की बरकत येते या समजुतीने ते भेट म्हणूनही दिले जाते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्या रांगेत बसवले आहे. ते विकत घेणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षांची, सात वर्षांपर्यंत वाढू शकणारी, आणि दंड किमान २५ हजार रुपये. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. तरी व्यापार चालूच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या केवळ एका व्यापारकेंद्राभोवती वर्षाला किमान ५५ हजार तारांकित कासवे रानातून उचलली जातात, असे आढळले होते. दुकानदार 'फार्ममधलं आहे' म्हणाला तरी विश्वास ठेवू नका.

या कासवाची काळजी कशी घ्यावी, हे म्हणूनच मी इथे लिहिणार नाही. घरात असेलच, कुणी दिलेले असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून ते सोपवावे. काही जण घाबरून रात्री गुपचूप सोडून देतात, आणि कासव म्हटल्यावर जागा शोधतात ती पाण्याची. कुणी तलावात सोडते, कुणी देवळाच्या कुंडात. तारांकित कासवाला पोहता येत नाही, ते बुडते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सोडणेही तितकेच वाईट. हा प्राणी गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या कोरड्या झुडपी माळरानांचा. आपल्या मुसळधार पावसाचे दमट जंगल त्याचे नव्हे.

पाण्यातल्या देशी कासवांनाही हाच कायदा लागू होतो. पाठ छपरासारखी मधोमध उंच असलेले, किंवा मऊ, चपट्या कवचाचे पिल्लू कुणी दाखवले तर हात लावू नका.

उरते ते सातव्या मजल्यावरचे. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. मुंबईत 'कासव पाळलंय' असे कुणी म्हणाले तर दहातल्या आठ वेळा हेच असेल, असा माझा अंदाज. परदेशी प्राण्यांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत येणाऱ्या जाती पाळायच्या तर २०२४ च्या नियमांनुसार वन विभागाकडे नोंदणी करावी लागते; आफ्रिकेतले मोठे सुलकाटा कासव त्यातलेच. म्हणून कोणतेही कासव घेताना पावती आणि कागद मागावेत. दुकानदार कागदाचे नाव काढताच कुरकुरला तर बाहेर पडावे.

आता त्या पिल्लाचे. डॉक्टरांनी कॅल्शियमचे डोस ठरवून दिले, आणि पहिली गोष्ट सांगितली ती भांडे फेकण्याची. नारळाच्या झाडासकट. कासवाला पूर्ण पोहता येईल एवढे पाणी हवे. खोली निदान कवचाच्या लांबीच्या दीडपट. पालथे झाले तर उथळ पाण्यात त्याला सरळ होता येत नाही. शिवाय पूर्ण कोरडे होऊन बसता येईल अशी जागा हवी, आणि तिच्यावर ३० ते ३२ अंश ऊब देणारा दिवा. पाणी २४ ते २८ अंश असावे. मुंबईत वर्षाचे बरेच महिने हे आपोआप जमते, पण एसी लावलेल्या बेडरूममध्ये नाही. कासवाच्या अंगाची ऊब बाहेरूनच येते. गारठ्यात त्याचे पचन मंदावते आणि खाल्लेले आतड्यात तसेच पडून राहते.

ऊन द्यायचे तर काच उघडून. बॉक्स ग्रिलमध्ये, जाळी लावून, सकाळी नऊच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटे पुरे. टब अर्धा सावलीत हवा आणि माणूस शेजारी हवा. उथळ पाण्याचा टब मे महिन्यात अर्ध्या तासात इतका तापतो की कासव अक्षरशः शिजते. कावळे आणि घारी तर वाटच बघत असतात. ज्यांची खिडकी उत्तरेला आहे, किंवा समोर टॉवर उभा राहिल्याने ऊन गेले आहे (आपल्या उपनगरात ही तक्रार आता घरोघरी), त्यांना अतिनील-ब देणारी खास ट्यूब घ्यावी लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये ती सगळ्यांनाच लागते. ती रोज दहा-बारा तास, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता लावायची, आणि उजेड देत असली तरी वर्षाच्या आत बदलायची. दिसणारा प्रकाश टिकतो, हवे ते किरण आधीच आटलेले असतात.

खाण्याबाबत गैरसमज फार आहेत. डबीतले वाळलेले झिंगे कासव आवडीने खाते, पण एकट्या त्यावर त्याचे पोषण होत नाही. घरची सुकट खारट, ती तर नकोच. चिकनच्या तुकड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. हाडांना हवे असते त्याच्या उलट, साधारण दोनास एक. दूध-पोळी, भात, ब्रेड हे कासवाचे अन्न नव्हे. पिल्लाला चांगल्या प्रतीचे कासवांचे दाणे रोज, त्याच्या डोक्याएवढे. वय वाढेल तसे दाणे कमी आणि पाला जास्त. लेट्युस, किसलेले गाजर, लाल भोपळा चालतो. पालकात ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियम अडकवते. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पाण्यात टाकून ठेवावा, कासव हवे तेव्हा कुरतडते. पालिकेचे पाणी एक दिवस बादलीत उघडे ठेवून मग वापरावे. पाठीला खोबरेल तेल चोळणारे लोकही मी पाहिले आहेत. चकाकते छान, पण कवचाला त्याचा काडीचा उपयोग नाही, पाणी मात्र खराब होते.

घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर स्त्री किंवा आजारी वृद्ध असेल तर माझे मत कासव आणू नये असे आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जंतू पाण्यात येतात. लहान मुले पिल्लू तोंडाजवळ नेतात, पापी घेतात. त्यातून लागण झाल्यामुळे अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. नेमकी त्याच आकाराची पिल्ले आपल्याकडे मुलांना भेट दिली जातात. हात लावला की साबणाने धुवायचे, आणि टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये किंवा भांडी घासायच्या मोरीत कधीच धुवायची नाही.

कासव ओरडत नाही, कण्हत नाही, आणि त्याला खोकताही येत नाही, कारण श्वासपटलच नसते. फुप्फुसाच्या आजारात ते नाकातून बुडबुडे काढते, तोंड उघडून श्वास घेते, किंवा पाण्यात एका बाजूला कलून तरंगते. डोळे सुजून बंद होणे बहुधा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे किंवा घाण पाण्याचे लक्षण. मुलांच्या जीवनसत्त्वाचे थेंब त्यावर अंदाजाने पाजू नयेत. जास्त झाले तर तेही विष. कवचावरून पारदर्शक पापुद्रे सुटणे स्वाभाविक आहे. खड्डे पडणे आणि दुर्गंधी येणे नाही. स्वयंपाकघरातल्यासारखा एक वेगळा वजनकाटा घेऊन दर रविवारी वजन लिहून ठेवले तर आजार डोळ्यांना दिसण्याआधी वहीत दिसतो. डॉक्टर शोधताना मात्र सरपटणारे प्राणी तपासतात का, हे आधी फोनवर विचारावे. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ते करत नाहीत.

आणि भांड्याएवढेच वाढते हे साफ खोटे. मादी २५ ते ३० सेंटीमीटर होते आणि नीट जपली तर वीस-तीस वर्षे जगते. तिला चारशे लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे फ्लॅटच्या जमिनीवर चारशे किलो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि कासव पिशवीतून तलावाकडे निघते. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. तलावात ते तग धरते आणि देशी कासवांचे अन्न, बसायच्या जागा बळकावते. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात याच कारणाने थांबवली.

सातव्या मजल्यावरचे पिल्लू वाचले. चार महिन्यांनी कवच कडक झाले, पण मागची कड वर वळली ती तशीच राहिली. ती आता जन्मभर तशीच राहणार. पुढच्या पायांची नखे आखूड आहेत, म्हणजे बहुधा मादी. मुलगा सध्या नववीत आहे. त्याच्या खोलीत अभ्यासाचे टेबल होते तिथे चार फुटी टाकी आली आहे, आणि त्याची आई अधूनमधून विचारते की दहावीनंतर हा बाहेरगावी शिकायला गेला तर पाणी कोण बदलणार.