"कालचंच चालू आहे, आज होऊन जाईल": स्क्रम नेमकं कशासाठी असतं?

इअरफोन लावून लोकलमध्ये उभे असाल किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर आजचा भाग तुम्ही ऑफिसला पोहोचायच्या आत संपेल. आजचा विषय आहे स्क्रम.

आयटीच्या पहिल्या नोकरीसाठी मुलाखत द्यायला गेलात की हा प्रश्न हमखास येतो, "स्क्रम म्हणजे काय?" आणि दहातले आठ जण सांगतात, "रोज सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग." हे उत्तर चूक नाही. पण लग्न म्हणजे काय असं विचारल्यावर "जेवण" असं सांगण्यासारखं आहे ते. जेवण असतंच की! पण लग्न त्याच्यासाठी नसतं.

मीसुद्धा नोकरीला लागले तेव्हा एवढंच धरून चालले होते. त्यामुळे आधी माझी फजिती ऐका. स्क्रम त्यातूनच कळेल.

माझा तो आठवडा

आमची सात जणांची टीम होती. औषधं घरपोच मागवायच्या ॲपचं काम चालू होतं. माझ्या वाट्याला एक छोटा भाग आला: गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली की पैसे आपोआप परत जायला हवेत. सोमवारी मी त्यात अडकले. पेमेंट कंपनीकडून उत्तर यायला उशीर झाला की आमची सिस्टीम गोंधळायची आणि का गोंधळते ते मला काही केल्या कळेना.

मंगळवारी सकाळी सगळे गोल करून उभे राहिले. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, "कालचंच चालू आहे, आज होऊन जाईल." बुधवारीही तेच आणि गुरुवारीही तेच. खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. आज नक्की होईल असं खरंच वाटायचं. आणि नवीन आहे, दोन महिन्यांपूर्वीच लागलेय, एवढंही जमत नाही असं कसं सांगायचं?

गुरुवारी संध्याकाळी सातला मी कसंबसं जुळवलेलं काम टेस्टरच्या हातात दिलं. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. तो रात्री साडेबारापर्यंत बसला. पण इतक्या घाईत सगळंच तपासून होत नाही. शुक्रवारी क्लायंटच्या माणसांसमोर डेमो झाला आणि एकाच रद्द ऑर्डरचे पैसे दोनदा परत गेले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

त्यानंतरच्या बैठकीत कुणी ओरडलं नाही. स्क्रम मास्टरने फक्त एवढंच विचारलं, "हे मंगळवारी कळलं असतं, तर आपण काय केलं असतं?" माझ्या शेजारी बसणारा सीनियर म्हणाला, "मागच्या प्रोजेक्टमध्ये मी अगदी हाच घोळ घातला होता. अर्ध्या तासात दाखवलं असतं."

तो चार दिवस माझ्यापासून तीन फुटांवर बसला होता.

मंडळी, स्क्रम कशासाठी आहे त्याचं उत्तर या तीन फुटांत आहे. वाईट बातमी लवकर बाहेर यावी, ती दुरुस्त करणं स्वस्त असेपर्यंतच यावी, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे. बाकी मीटिंगा, फळे आणि रंगीत चिठ्ठ्या या सगळ्या त्यासाठीच आहेत.

हे आलं कुठून?

१९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्या नवं उत्पादन कसं बनवतात ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की जुनी पद्धत रिले शर्यतीसारखी आहे. एक विभाग आपला टप्पा पळतो, बॅटन पुढच्याच्या हातात देतो आणि मोकळा होतो. चांगल्या टीम मात्र रग्बीसारख्या खेळतात. चेंडू एकमेकांकडे देत सगळे मिळून मैदानात पुढे सरकतात. 'स्क्रम' हा शब्द रग्बीतलाच आहे. खेळ थांबल्यावर पुन्हा सुरू करताना दोन्ही बाजूंचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून जो घोळका करतात, तो स्क्रम.

माझा गुरुवार आठवा. मी बॅटन दादाच्या हातात दिला आणि मोकळी झाले. म्हणजे नाव स्क्रमचं आणि शर्यत रिलेची!

सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत १९९३ मध्ये जेफ सदरलँड यांनी वापरायला सुरुवात केली. १९९५ मध्ये त्यांनी आणि केन श्वेबर यांनी ती एका परिषदेत जाहीरपणे मांडली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी 'अजाइल मॅनिफेस्टो' लिहिला. त्यात ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं आहेत. म्हणजे अजाइल हा विचार झाला आणि स्क्रम ही त्या विचाराने काम करायची एक चौकट. श्वेबर आणि सदरलँड यांनी २०१० मध्ये 'स्क्रम गाइड' काढली. तिची २०२० ची आवृत्ती जेमतेम १३-१४ पानांची आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळते. महागड्या कोर्सला पैसे भरण्याआधी ती वाचा, एवढं माझं ऐका.

चौकट कशी आहे?

आता मुलाखतीत लागणारा भाग. पण पाठ करू नका. प्रत्येक गोष्ट माझ्या पैसे-परतीच्या कामाला लावून बघा.

आधी माणसं. स्क्रम टीममध्ये तीन जबाबदाऱ्या असतात. प्रॉडक्ट ओनर ठरवतो की आधी काय बनवायचं आणि कशाला थांबवायचं. पैसे परत जाणं आधी हवं की ॲपचा रंग बदलणं, हा त्याचा निर्णय. डेव्हलपर्स काम प्रत्यक्ष करतात. गंमत म्हणजे गाइडनुसार यात फक्त कोड लिहिणारे येत नाहीत. तपासणारा, डिझाइन करणारा, सगळेच डेव्हलपर्स. म्हणजे दादाही आणि मीही. आणि स्क्रम मास्टर हा साहेब नसतो. तो कामं वाटत नाही, हजेरी घेत नाही. टीमला ही पद्धत नीट वापरता यावी आणि वाटेतले अडथळे दूर व्हावेत, हे तो बघतो. अख्खी टीम साधारण १० जणांची किंवा त्याहून लहान असते.

आता वेळ. काम स्प्रिंटमध्ये चालतं. स्प्रिंट म्हणजे ठरलेला कालावधी, जास्तीत जास्त एक महिना. बऱ्याच टीम दोन आठवड्यांचा धरतात. त्यात चार बैठका असतात. सुरुवातीला स्प्रिंट प्लॅनिंग: या वेळी काय साधायचं, का आणि कसं. रोज डेली स्क्रम: १५ मिनिटं. शेवटी स्प्रिंट रिव्ह्यू, म्हणजे झालेलं काम वापरणाऱ्यांना आणि पैसे देणाऱ्यांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं. आणि अगदी शेवटी रेट्रोस्पेक्टिव्ह, ज्याला ऑफिसात सगळे रेट्रो म्हणतात. रिव्ह्यूमध्ये काय बनवलं ते बघायचं आणि रेट्रोमध्ये आपण कसं वागलो ते बघायचं.

आणि तीन वस्तू. प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे उत्पादनासाठी करायच्या कामांची क्रमवार यादी. स्प्रिंट बॅकलॉग म्हणजे या स्प्रिंटचं उद्दिष्ट, त्यासाठी निवडलेली कामं आणि ती करायचा बेत. इन्क्रिमेंट म्हणजे खरोखर वापरता येईल असा तयार भाग. इथे 'तयार' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'झालं' कधी म्हणायचं ते टीमने आधीच लिहून ठेवायचं असतं, त्याला डेफिनिशन ऑफ डन म्हणतात. माझ्या लेखी कोड चालला की झालं. दादाच्या लेखी सगळ्या शक्यता तपासल्या की झालं. हे आम्ही कधी एकत्र बसून ठरवलंच नव्हतं. गुरुवारी सातला मी "झालं" म्हणाले आणि त्याचं काम तेव्हा कुठे सुरू झालं.

या सगळ्याखाली तीन खांब आहेत: काम सगळ्यांना दिसलं पाहिजे, ते वारंवार तपासलं पाहिजे आणि तपासल्यावर बदललं पाहिजे. पहिलाच खांब पडला तर पुढच्या दोघांचा उपयोग नाही. मी दिसूच दिलं नाही, मग तपासणार काय आणि बदलणार काय?

मोठ्या कामातही हेच

तुम्ही म्हणाल, ही एका नवख्या मुलीची गोष्ट झाली. मग एक मोठी ऐका. अमेरिकेच्या एफबीआयला तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर आणायच्या होत्या. पहिला प्रयत्न २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. तोवर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. मग २००६ मध्ये 'सेंटिनल' नावाने दुसरा प्रकल्प सुरू झाला. एका मोठ्या कंपनीला कंत्राट दिलं आणि चार टप्पे आखले. २०१० च्या ऑगस्टपर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या बजेटमधले सुमारे ४०.५ कोटी संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हातात आले होते.

तेव्हा एफबीआयने सूत्रं स्वतःकडे घेतली, टीम खूप लहान केली आणि दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम सुरू केलं. म्हणजे जादू झाली का? नाही. २०११ मध्ये संपवायचं होतं, तेही लांबलं. ऑक्टोबर २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांना एकाच वेळी सिस्टीम वापरायला लावून चाचणी घेतली, तेव्हा ती बंद पडली. यंत्रसामग्री अपुरी होती. पण हे चाचणीत कळलं, सगळ्या देशभर चालू केल्यावर नाही. दुरुस्ती झाली आणि जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सगळीकडे वापरात आलं.

स्क्रम चुका थांबवत नाही. चूक किती दिवस लपून राहू शकते, त्याला तो मर्यादा घालतो.

ऑफिसात होणारे गैरसमज

पहिला: डेली स्क्रम म्हणजे साहेबाला हिशेब देणं. तसं नाही. ती डेव्हलपर्सनी एकमेकांसाठी घ्यायची बैठक आहे. "काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय" हे तीन प्रसिद्ध प्रश्न तर २०२० च्या गाइडमधून काढूनच टाकलेत. खरा प्रश्न एकच: ठरवलेल्या उद्दिष्टापर्यंत आपण पोहोचतोय का आणि नसू तर आज काय बदलायचं?

दुसरा: प्लॅनिंगमध्ये घेतलेली सगळी कामं म्हणजे रक्ताने लिहिलेलं वचन. २०११ च्या गाइडमध्येच 'कमिटमेंट'च्या जागी 'फोरकास्ट', म्हणजे अंदाज, हा शब्द आला. टीम बांधील असते ती स्प्रिंटच्या उद्दिष्टाला. वाटेत नवं काही कळलं तर प्रॉडक्ट ओनरशी बोलून कामं कमी-जास्त करता येतात.

तिसरा: स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी म्हणजेच स्क्रम. गाइडमध्ये हे शब्द नाहीत. वापरायला हरकत नाही. पण त्या आकड्यांवरून दोन टीमची तुलना किंवा कुणाचं अप्रेझल सुरू झालं, की माणसं आकडे फुगवायला शिकतात. आणि मग वाईट बातमी पुन्हा लपते.

मला मान्य आहे, सगळ्या ऑफिसांत खरं बोलणं परवडतं असं नाही. "अडकलोय" म्हणणाऱ्याला चारचौघांत टोमणा मारतात, अशाही टीम आहेत. तिथे फळ्यावर कितीही चिठ्ठ्या लावा, स्क्रम होणार नाही. धैर्य, मोकळेपणा आणि आदर ही मूल्यं गाइडमध्ये शोभेसाठी लिहिलेली नाहीत. त्यामुळे तुम्ही सीनियर असाल तर सुरुवात तुम्ही करा. आधी स्वतःचं अडलेलं काम सांगा. नवीन मुलांची जीभ आपोआप सुटेल.

आणि नवीन असाल, तर उद्या सकाळसाठी माझ्याकडून एक वाक्य घेऊन जा. "कालचंच चालू आहे" ऐवजी असं म्हणा: "मी अमुक ठिकाणी अडकलेय, हे हे करून पाहिलं, मीटिंगनंतर कुणी दहा मिनिटं बसेल का?" कुठे अडलं, काय करून पाहिलं आणि काय हवंय, तिन्ही त्यात आलं.

मी ते पहिल्यांदा म्हणाले पुढच्या स्प्रिंटच्या बुधवारी. आवाज जरा कापला होता. सीनियरने खुर्ची माझ्या टेबलाकडे ओढली. दादाही आला, म्हणाला, "काय तपासायचंय ते आत्ताच सांग, मी केसेस लिहायला घेतो." काम दुपारी तीनला झालं आणि त्या दिवशी दादा सहाच्या बसने घरी गेला.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या टीममध्ये "आज होऊन जाईल" किती दिवस चालतं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर अडकलात तर बोला!