कॉर्टिसॉल उतरवून एचआयव्ही हटेल?

‘ताणाने कॉर्टिसॉल वाढतं, कॉर्टिसॉल प्रतिकारशक्ती दाबतं. मग एचआयव्हीबाधितांना कॉर्टिसॉल उतरवणारं औषध का देत नाहीत?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. देऊन पाहिलं की! आणि ते होतं दातांच्या डॉक्टरांचं जुनं प्रोकेन.

या प्रोकेनने आयुष्यात किती वेश बदलावेत! आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं हे औषध 1905 पासून ‘नोव्होकेन’ नावाने हिरड्या बधिर करू लागलं. पुढे बुखारेस्टच्या डॉ. आना अस्लान यांनी त्यापासून ‘जेरोव्हिटल’ केलं. त्याने म्हातारपण लांबतं म्हणे! बडी मंडळी रोमानियाच्या वाऱ्या करू लागली. मग अमेरिकेतल्या समॅरिटन फार्मास्युटिकल्सने ‘अँटिकॉर्ट’ या नावाने तेच एचआयव्हीबाधितांवरच्या चाचण्यांत उतरवलं.

सगळीच हवा होती असं नाही. कॉर्टिसॉल घडतं कोलेस्टेरॉलपासून. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या वॅसिलिओस पापाडोपुलोस यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवलं की, स्टॅटिन गोळ्या कोलेस्टेरॉल घडवणारं जे विकर अडवतात, त्याच्या निर्मितीचा संदेशच प्रोकेन कमी करतं. पण प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची वाट लांब असते. अँटिकॉर्ट बाजारात आलंच नाही.

गंमत म्हणजे पॅरिसचे ज्याँ-मारी आन्द्र्यू नेमके उलट्या दिशेने निघाले होते. एचआयव्ही प्रतिकारयंत्रणेला सतत डिवचतो आणि त्या धावपळीतच ती झिजते, असा त्यांचा तर्क. म्हणून त्यांनी बाधितांना वर्षभर प्रेडनिसोलोन, म्हणजे कॉर्टिसॉलचाच भाऊबंद, दिलं. प्रतिकारयंत्रणेच्या सीडी4 पेशी वाढल्या, असा निष्कर्ष 1995 मध्ये छापून आला. मात्र याच आन्द्र्यूंनी 1985 मध्ये सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊन जेमतेम आठवडा झाला असताना यश जाहीर करायला पत्रकार परिषद घेतली होती, हेही विसरू नये!

तिसऱ्या वाटेने मिफेप्रिस्टोन आलं. ते कॉर्टिसॉल कमी करत नाही, त्याचा पेशीतला ग्राहीच अडवतं. विषाणूचं व्हीपीआर हे प्रथिन याच ग्राहीचा वापर करतं, असं दिसलं होतं. 28 दिवसांच्या अमेरिकी चाचणीचा निकाल 2010 मध्ये प्रसिद्ध झाला: विषाणूवर लक्षणीय परिणाम नाही.

तोवर 1996 पासूनच्या संयुक्त औषधोपचाराने थेट विषाणूलाच जेरीस आणलं होतं. थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरत नाही. रक्तातला एक आकडा खाली आणण्याचंही तसंच.

दवाखान्यात आज धोका वेगळाच आहे. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध घेणाऱ्याने दम्याचा फ्लुटिकासोन पंप ओढला, तर यकृताला ते स्टेरॉइड वेळेत मोडता येत नाही. ते साठतं, चेहरा सुजतो, आणि कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. तपासणीत कॉर्टिसॉल अगदी कमी, पण लक्षणं स्टेरॉइडच्या अतिरेकाची! म्हणून पंप असो वा नाकातला फवारा, एचआयव्हीच्या डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा.